माझी मूठ, मास्तरांची मूठ

मी चरक बोलतोय. गव्हांकुराचा रस काढायचा, हाताने फिरवायचा, लोखंडी चरक. टेबलाच्या कडेला मला शिकंज्याने आवळलं की वर माझं रुंद तोंड, खाली रसाची चोच, पुढे चोथा पडायचं भोक आणि मागे लाकडी मूठ बसवलेला दांडा. पोटात एक मळसूत्र आहे. दांडा फिरला की ते फिरतं, तोंडात टाकलेलं गवत पुढे ढकलतं, पिळतं, आणि चोचीतून हिरवागार रस टपकायला लागतो. एवढंच माझं शरीर. वायर नाही, बटण नाही.

दिसायला मी देखणा नाही, ते मला ठाऊक आहे. पण मी थोडी फुशारकी मारणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या हातून जे घडलं ते तुमच्या हातून घडलं असतं, तर तुम्हीही चारचौघांत मान ताठ ठेवूनच बोलला असता.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यातला. वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं, निवल्यावर साचा फोडला आणि मला बाहेर काढलं. तेव्हा माझ्या अंगाला सगळीकडून कंगोरे होते. मग कानस चालली, आतून-बाहेरून कलई झाली, दांडा आणि मूठ बसली. शेवटी तपासणीला बसलेल्या बाईने मला हातोडीने हलकेच वाजवलं, कान देऊन ऐकलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा टिकेल." बाकीच्यांना ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाही. ऐकायची गरजही वाटली नाही.

तिथून मी दुकानाच्या काचेत आलो. शेजारी कॉफी दळायचं यंत्र होतं. तिथे बसल्या बसल्या माणसांची एक गंमत लक्षात आली. घ्यायचं असो वा नसो, दांडा दिसला की माणसाचा हात तिकडे जातोच. येणारा प्रत्येक जण मला एकदा गरकन फिरवून बघायचा आणि काहीतरी मोठं काम केल्यासारखा पुढे जायचा. पोटात गवताची काडी नसताना उगीच फिरायचा मला अगदी वीट आला होता.

मला घरी नेलं ते एका तरुण बाईने. ती व्यायामशाळेत लोकांकडून व्यायाम करून घ्यायची. तिने खिडकीत ट्रे मांडले, गहू पेरले, गव्हांकुर उगवले, आणि पहिला रस काढला तेव्हा मी मनाशी म्हटलं, चला, आता आपण कामाला लागलो. पण आरोग्याचा उत्साह हा नव्या बुटांसारखा असतो. आधी मिरवायचा, मग जरा चावायला लागला की कोपऱ्यात. आधी सकाळी वेळ मिळेना, मग ट्रेमधलं गवत वाढून पिवळं पडलं, मग ट्रे वाळले. मी भांडी घासायच्या नळाखालच्या कपाटात गेलो. एका बाजूला बादली, दुसऱ्या बाजूला फरशी पुसायचं फडकं. त्या फडक्याशी बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

तिथून मला बाहेर काढलं ते एका आजारपणाने.

त्या बाईची एक मावशी होती. मावशीचे यजमान शिंपी, कोट शिवण्यात नाव कमावलेले. त्यांना सगळे मास्तरच म्हणत. राहायला वर, आणि खाली रस्त्यावर त्यांचं दुकान. एका सकाळी कापड कापता कापता मास्तरांच्या हातातून कात्री गळून पडली आणि पाठोपाठ ते स्वतः खाली बसले. हृदयात तयार झालेली रक्ताची बारीक गुठळी मेंदूत जाऊन अडकली होती. जिवावरचं टळलं. पण ते दवाखान्यातून घरी आले तेव्हा जीभ जड झालेली होती, आणि उजवा हात नुसता खांद्याला लटकत होता.

भाचीला काहीतरी करायचं होतं. काय करावं ते न सुचल्यावर माणसं घरात शोधाशोध करतात. तशी तिने नळाखालचं कपाट उघडलं, मला उचललं, गरम पाण्याने धुतलं आणि गव्हाच्या पिशवीसकट मावशीच्या घरी आणून ठेवलं.

"मावशी, याने अंगात ताकद येते," ती म्हणाली. "काकांना रोज सकाळी थोडा थोडा रस दे."

मावशीने मला इकडून तिकडून पाहिलं. "हा चरक चालवायलाच आधी ताकद लागेल," ती म्हणाली. तेव्हापासून त्या घरात माझं नाव चरक.

मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असत. उजवा हात मांडीवर, तोही असा, की जणू कुणाचं तरी सामान सांभाळायला दिलंय आणि तो माणूस परत यायचं नावच घेत नाही. व्यायाम करून घ्यायला एक फिजिओबाई येत. त्यांनी मास्तरांना दाबायला रबरी चेंडू दिला होता. त्या असेपर्यंत मास्तर तो धरल्यासारखं करत. त्या गेल्या की चेंडू खाली पडे, घरंगळत माझ्या टेबलाखाली येई, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच राही.

"अहो, दाबा की जरा," मावशी म्हणे.

"चेंडू खेळायचं वय आहे का माझं?" मास्तर म्हणत. शब्द घसरत, पण राग स्पष्ट कळे. त्या हाताने आयुष्यभर कापड कापलं होतं. त्याला उगीचच काहीतरी करायला लावणं त्यांना पटत नव्हतं. मला मात्र त्यांचं बरोबर वाटायचं. दुकानाच्या काचेत रिकामा फिरून फिरून मी तेच भोगलं होतं.

भाचीने मावशीला गव्हांकुर लावायला शिकवलं. गहू निवडून भिजत घालायचे. फुगले की पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे. पांढरा कोंब डोकावला की ट्रेमध्ये मातीचा पातळ थर द्यायचा, त्यावर दाणे एकमेकांना खेटून पसरायचे आणि झाकायचे. कोंब वर आले की झाकण काढायचं आणि ट्रे उजेडात ठेवायचा, पण कडक उन्हात नाही. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही.

हे शेवटचं मावशीला जमेना. जाता-येता ती ट्रेपाशी थांबे आणि आणखी थोडं पाणी घाली. पहिल्या ट्रेवर पांढरी बुरशी आली आणि स्वयंपाकघरात कुबट वास सुटला.

"मावशी, किती पाणी घातलंस?" भाचीने विचारलं.

"तहानलेले वाटले गं."

तो ट्रे फेकावा लागला. दुसऱ्या वेळी मावशीने पाण्याचं भांडंच लांब ठेवलं. त्या खेपेला मात्र ट्रेमध्ये असं काही उगवलं, की मी बघतच राहिलो. दाट, सरळ, पोपटी. खिडकीतून वारा आला की सगळं एकदम एका बाजूला कलायचं आणि पुन्हा उभं राहायचं. आठवड्याभरात ते वीतभर झालं. मावशी स्वयंपाकघरातली कात्री घेऊन कापायला बसली.

मास्तर खुर्चीतून बघत होते. मावशी एक झुबका इथून, एक तिथून, एक वर, एक खाली असं कापत चालली होती. बघता बघता मास्तरांची मान पुढे आली.

"अगं, कापतेस की ओरबाडतेस?"

मावशीचा हात थांबला. किती दिवसांत ते आपणहून काही बोलले नव्हते. कुणी विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच.

"मग कसं कापू?" तिने मुद्दामच विचारलं.

"मूठ धर. ताण जरा. कात्री आडवी, मातीला टेकून. आणि एका दमात. मध्येच थांबलीस की काठ कुरतडतो."

मावशीने तसं केलं. गवत एका रेषेत कापलं गेलं. तिने ती जुडी मास्तरांना दाखवली. त्यांनी ती डाव्या हाताने घेतली, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि परत दिली. "ठीक," ते म्हणाले. मास्तरांच्या तोंडचं ठीक म्हणजे दुसऱ्या कुणाचं वा वा, हे मला पुढे कळलं.

मग माझी पाळी. मावशीने एका हाताने गवत टाकायला आणि दुसऱ्या हाताने दांडा फिरवायला सुरुवात केली. माझा शिकंजा तिने नीट आवळला नव्हता, त्यामुळे मी टेबलावर डुलायला लागलो. तरी रस निघाला. दोन छोट्या पेल्यांत दोघांनी घेतला. नुकत्याच कापलेल्या हिरवळीवर तोंड टेकवलं तर जशी चव लागेल, तशी ती असते. मावशीने नाक दाबून एका घोटात संपवला. मास्तरांनी हळूहळू घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "गाय काय म्हणत असेल आपल्याला?" मावशी इतकी हसली, की तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

आता जे सांगणार आहे, ते घडताना पाहणारा मी एकटाच.

एका सकाळी मावशी रस काढत होती आणि दाराची घंटा वाजली. गॅसवाला आला होता. ती गवत माझ्या तोंडात तसंच ठेवून गेली. मास्तर खुर्चीतून उठले. भिंतीचा आधार घेत टेबलापाशी आले. माझ्या दांड्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग डाव्या हाताने उजवा हात उचलला, माझ्या मुठीवर ठेवला, एकेक बोट वाकवून मुठीभोवती बसवलं आणि वरून डाव्या हाताने दाबून धरलं.

तो हात गार होता. बोटांत पकड अशी नव्हतीच. पण कुठेतरी खोल, अगदी तळाशी, काहीतरी थरथरत होतं. लोखंडाला असलं कळतं. मी स्वतःला जितकं सैल सोडता येईल तितकं सोडलं. दांडा हलला. अर्धा फेरा झाला आणि अडकला. त्यांनी दम घेतला आणि पुन्हा जोर लावला. फेरा पुरा झाला. चोचीच्या टोकाला एक थेंब आला, लोंबला आणि पेल्यात पडला.

मावशी परत आली तेव्हा ते खुर्चीत बसले होते. कपाळाला घाम होता.

"उकडतंय का?" तिने विचारलं.

"थोडं," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी लपवाछपवी केली नाही. मावशी दांड्याला हात घालणार एवढ्यात म्हणाले, "तू नुसतं गवत टाक. एका माणसाचं काम नाही हे." आणि उभे राहिले. तिने गवताच्या आखूड जुड्या केल्या आणि एकेक माझ्या तोंडात सोडत राहिली. मी अडकू नये म्हणून ती जपून सोडत होती, आणि ते थकू नयेत म्हणून मी जपून फिरत होतो.

असे दिवस गेले. आधी दोन्ही हात, मग उजवा हात आणि वर नुसती डाव्याची बोटं, मग डावा हात टेबलावर टेकलेला. एका सकाळी फिजिओबाईंनी मास्तरांचा खांदा चाचपला आणि थबकल्या.

"मास्तर, तुम्ही काय करताय हल्ली?"

"रस काढतो."

"कसला रस?"

"गव्हांकुराचा. पेलाभर होईपर्यंत फिरवतो." मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं. तेही उजव्या हाताचं.

बाईंनी येऊन मला फिरवून पाहिलं. बऱ्याच दिवसांत मला कुणी असं रिकामं फिरवलं नव्हतं, पण त्यांना मी माफ केलं. "चेंडू राहू दे," त्या म्हणाल्या, "हेच करा. फक्त अधूनमधून उलटंही फिरवा."

मग काय विचारता. जिन्यात बातमी पसरली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मावशी सांगे, "रसाने हात आला हो यांचा." लोक ट्रेकडे बघत, माझ्याकडे बघत, मास्तरांना मूठ मिटायला सांगत. वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमन राहत होते. ते रोज पेला घेऊन यायला लागले. त्यांचं टक्कल होतं आणि त्यांना फार आशा होती. मी तर फुलून गेलो होतो. मी केवळ चरक नाही, मी औषध देणारा आहे, असं मला वाटायला लागलं. मावशीने माझ्यासाठी एक झाकणाचं कापडही केलं.

आणि त्याच सुमारास गोष्ट उलटली.

गुठळी पुन्हा होऊ नये म्हणून मास्तरांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. त्यासाठी अधूनमधून रक्त तपासायला जावं लागे. आधी सगळं ठीक असे. अलीकडे मावशी दवाखान्यातून आली की कपाळाला आठी असायची. रक्त पुन्हा घट्ट व्हायला लागलं होतं. डॉक्टरबाईंनी गोळी वाढवली, तरी मेळ बसेना. मग एका सकाळी, मास्तर दांडा फिरवत असतानाच, त्यांचा हात माझ्यावरून घसरला. त्यांनी मावशीकडे पाहिलं आणि काहीतरी बोलले, पण त्या आवाजाचे शब्द झाले नाहीत. ओठांची एक बाजू खाली ओढली गेली होती.

मावशीने गवत तिथेच टाकलं. फोन, भाची, गाडी, जिन्यावरची धावपळ. मग घरात कोणी नाही. माझ्या तोंडात अर्धं पिळलेलं गवत तसंच राहिलं आणि दुपारपर्यंत काळं पडलं. मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलो.

पुढचं मला मावशीच्या तोंडून कळलं. ती कपडे न्यायला भाचीबरोबर घरी आली, तेव्हा दोघी माझ्या समोरच बसल्या होत्या. मास्तरांचं थोडक्यात निभावलं होतं. तासाभरात शब्द परत आले होते.

"डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात खाण्यापिण्यात काही नवीन सुरू केलंय का," मावशी म्हणाली. "हिरवं काही? मी म्हटलं, हो, गव्हांकुराचा रस. तर त्यांनी पेनच खाली ठेवलं."

"का?"

"त्या हिरव्या पानांत कसलंसं के जीवनसत्त्व असतं म्हणे. ते रक्त गोठायला मदत करतं. म्हणजे गोळी एकीकडे ओढते आणि रस दुसरीकडे. त्यातून मी कधी पाव पेला देते, कधी पेलाभर. गोळीचं माप बसणार कसं?" मावशीने हातातले कपडे मांडीवर ठेवले. "त्या रागावल्या नाहीत गं. म्हणाल्या, रस वाईट नाही, फक्त तुमच्या गोळीशी त्याचं पटत नाही. पण मीच पाजत होते ना त्यांना."

"आणला मी होता, मावशी," भाची म्हणाली. माझ्या चोचीला अजून हिरवा डाग होता.

मावशीने त्याच दिवशी माझा शिकंजा सोडवला, मला धुतलं, पुसलं, झाकणाच्या त्या कापडात गुंडाळलं आणि वरच्या फडताळात अगदी मागे ठेवलं. ट्रे भाची घेऊन गेली. मी अंधारात होतो आणि एकच गोष्ट मला कुरतडत होती. लोकांपुढे मी ज्या रसाचा तोरा मिरवला, तोच मास्तरांच्या अंगावर आला होता.

मास्तर घरी आले. खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, भांड्यांचा यायचा, बोलण्याचा कमी. मग एकदा चेंडू घरंगळल्याचा आवाज आला. फिजिओबाईंनी तो पुन्हा काढला होता आणि मास्तरांनी तो पुन्हा पाडला होता. ते ऐकून मला काय वाटलं, ते मी सांगत नाही.

असे काही दिवस गेले आणि एका सकाळी मास्तरांचा आवाज आला. "चरक कुठाय?"

"ठेवलाय."

"कुठे?"

"अहो, तुम्हाला रस बंद आहे."

"मी पिईन म्हटलं का? फिरवीन म्हणतोय."

"आणि रसाचं काय करायचं?"

"तू पी."

"मला?" मावशी म्हणाली. "मला त्याचा वासही सहन होत नाही. तुम्हाला एकट्याला प्यावा लागू नये म्हणून घोट घेत होते इतके दिवस."

खुर्ची जरा सरकल्याचा आवाज आला.

"मग भाची पिईल," मास्तर म्हणाले. "तिच्या व्यायामशाळेतली माणसं पितील. वरचे पोस्टमन आहेत. त्यांचे केस अजून यायचे आहेत."

"नको हो. मला भीती वाटते त्याची. तो रस पिऊनच तुम्ही..."

"रस वेगळा, चरक वेगळा," मास्तर म्हणाले. शब्द अजून घसरत होते, म्हणून ते एकेक सावकाश उच्चारत होते. "माझा हात रसाने आला नाही. फिरवून फिरवून आला. रोज सकाळी उठून कुणासाठी तरी काही करायचं होतं, म्हणून आला. नुसता बसलो तर तो जाईल पुन्हा."

फडताळात, त्या कापडाच्या आत, मी ते ऐकलं. माझी सगळी फुशारकी गळून पडली होती, ती त्या वाक्याने परत आली. आणि या वेळी ती खरी होती. मी औषध नव्हतोच. मी काम होतो.

मावशीने घाई केली नाही. ती डॉक्टरबाईंना जाऊन विचारून आली. त्या म्हणाल्या, खुशाल फिरवू द्या, फक्त पिऊ देऊ नका, आणि बाकी कुणाला गोळ्या चालू असतील तर त्यांनाही आधी विचारा. मग मावशीने खुर्चीवर चढून मला खाली काढलं आणि टेबलावर ठेवलं. शिकंज्याचा पेच मात्र मास्तरांनी आवळला. उजव्या हाताने. बऱ्याच वेळा सुटला, बऱ्याच वेळा धरला. शेवटी मी असा घट्ट बसलो, की मावशीने कधीच मला तसं बसवलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरी सकाळी वेगळीच गडबड असते. भाचीने परत आणलेले ट्रे खिडकीत ओळीने असतात. एकात कोंब फुटत असतात, एक झाकलेला असतो, एक कापायला आलेला असतो. पाणी मास्तर शिंपडतात. मावशीला ट्रेजवळ भांडं घेऊन जायची बंदी आहे आणि मावशी ती पाळत नाही. लोक पेले घेऊन येतात. आणि प्रत्येकाला मास्तर आधी समोर उभं करतात, कोटाचं माप घ्यायच्या वेळी करत तसंच, आणि विचारतात, "गोळ्या कसल्या चालू आहेत?"

पोस्टमनना हे आवडलं नाही. "अहो, रस मागतोय, नोकरी नाही," ते म्हणाले.

"मी भोगलंय म्हणून विचारतोय," मास्तर म्हणाले. "डॉक्टरांना विचारून या. गवत कुठे पळून जात नाही."

ते कुरकुरत गेले, विचारून आले, आणि तेव्हापासून रोज येतात. केस काही आलेले नाहीत. पण कुणी न विचारता ते चोथा भरून खाली बागेत नेतात आणि झाडांना घालतात, आणि झाडं मात्र जोरात आहेत.

हात अजून पूर्वीसारखा नाही, हेही सांगायला हवं. जाड कापडाचा कोट आता मास्तर कापत नाहीत. दुकान ते सकाळीच थोडा वेळ उघडतात आणि बारीकसारीक कामं घेतात. मध्यंतरी त्यांनी मावशीसाठी स्वयंपाकघरात घालायचा ॲप्रन कापला. त्याची एक कड वाकडी गेली. "दे, सरळ करून देतो," ते म्हणाले. मावशीने दिला नाही. ती तोच घालून माझ्या तोंडात गवत सोडते.

माझंही वय झालं. तोंडाशी कलई उडाली आहे, मळसूत्राची धार बोथट झाली आहे. हल्ली चोथा ओला पडायला लागलाय, म्हणजे रस पुरता पिळला जात नाही. भाचीने विजेवर चालणारं यंत्र आणून दाखवलं. बटण दाबलं की सगळं आपोआप. चांगलं होतं. मला राग आला नाही. मास्तरांनी ते चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "याला धरायचं कुठे?" भाचीने ते आपल्या व्यायामशाळेत नेलं.

म्हणूनच आज मी तुमच्याशी बोलतोय तो टेबलावरून नाही, कापडी पिशवीतून. आम्ही लोहारकामाच्या दुकानात चाललो आहोत. तिथे मळसूत्राला धार लावतील आणि मला पुन्हा कलई करतील. मावशी म्हणत होती, भाचीला गाडी घेऊन बोलावते. मास्तर म्हणाले, "मी नेतो." पिशवीचे बंद त्यांच्या उजव्या हातात आहेत. मी चांगला वजनदार आहे, लोखंडाचा आहे. पावलागणिक मी त्यांच्या पोटरीला लागतो, आणि ते मधूनच बंद नीट पकडतात.

जाता जाता तुम्हाला एक सांगतो. तुमच्याही घरात नळाखालच्या कपाटात माझ्यासारखं कुणीतरी पडलेलं असेल. त्याला बाहेर काढा. मात्र त्याच्याकडून बरं करून मागू नका, तेवढं आमच्याच्याने होत नाही. नुसतं कामाला लावा. आणि घरात कुणाचा हात मांडीवर गप्प पडलेला असेल, तर एकदा त्याच्यापाशी नेऊन ठेवा. पुढचं ते दोघं बघून घेतील.

आम्ही आता रस्ता ओलांडला. समोरून पोस्टमन आले. मास्तरांच्या खांद्याचा एका बाजूला गेलेला झोक बघून त्यांनी हात पुढे केला.

"द्या मास्तर इकडे. जड आहे ते."

"आहे जड," मास्तर म्हणाले, आणि मला घेऊन पुढे चालू लागले.